कुरूप कापून जात नाही

रविवारची आंघोळ जरा लांबते. पाय गरम पाण्यात भिजून मऊ झालेले असतात, तळव्याची कातडी पांढरी पडून फुगलेली असते. मग एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन, दाढीचं पातं अर्धं मोडून काम सुरू होतं. चवड्याखालच्या त्या पिवळट चकतीचे पापुद्रे एकामागून एक निघत जातात. मधोमध काचेसारखा, किंचित पारदर्शक ठिपका दिसायला लागतो. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून हात आणखी खोल जातो. सोमवारी पाऊल हलकं पडतं, आणि महिन्याभरात तोच खडा त्याच जागी परत हजर.

"मूळ राहिलं," असं त्यावर घरोघरी म्हटलं जातं. कुरूपाला मूळ असतं, ते खोल गेलेलं असतं आणि उपटल्याशिवाय सुटका नाही, हा समज इतका पक्का आहे की त्यापायी अनेकांनी आपल्या तळव्याची चाळण करून घेतली आहे. मूळ नावाची वस्तू तिथं नसतेच. तो मेलेल्या कातडीचा शंकू असतो, बूड वर आणि टोक आत. पाय टेकला की हे टोक आतल्या जिवंत थरात रुततं, म्हणून चपलेत खडा गेल्यासारखी कळ येते. शंकू कापून काढला तरी ज्या दाबामुळे तो झाला तो दाब जागेवरच असतो. दाब आहे तोवर कातडी आपलं काम करत राहणार, आणि तिचं काम म्हणजे जाड होणं.

हे काम ती कसं करते ते पाहण्यासारखं आहे. पापणीवरची बाह्यत्वचा साधारण ०.०५ मिलिमीटर जाडीची असते, तळव्यावरची दीड मिलिमीटरच्या घरात. म्हणजे तीसपट. तळव्याला तेलग्रंथी अजिबात नसतात, घामाच्या ग्रंथी मात्र खच्चून भरलेल्या. तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकता सरकता चपट्या होतात, मरतात आणि शेवटी झडून जातात. एकाच जागी दिवसभर दाब आणि घासणी होत राहिली की खालून पेशी भराभर येतात आणि वरच्या झडत नाहीत, एकमेकींना घट्ट धरून बसतात. दाब ऐसपैस जागेवर पसरलेला असेल तर घट्टा होतो. तो रुंद असतो, पिवळसर दिसतो, त्याची कड नेमकी कुठं संपते ते कळत नाही आणि बहुतेक वेळा दुखतही नाही. तोच दाब एखाद्या हाडाच्या टोकावर, वाटाण्याएवढ्या जागेत एकवटला की कुरूप. काही भागांत त्याला भोवरी म्हणतात. मधला भोवऱ्यासारखा टोकदार गाभा पाहिला की हे नाव किती चपखल आहे ते पटतं.

दाब आणि घासणी हे शब्द आपण जोडीनं वापरतो, पण यातली घासणी अधिक वाईट. चालताना चपलेचा तळ कातडीला धरून ठेवतो आणि आतलं हाड पुढं सरकतं. कातडी आणि हाड यांच्यामध्ये ही जी ओढाताण होते, ती सरळ दाबापेक्षा जास्त घातक असते. म्हणून कुरूप केवळ घट्ट बुटानं होतं असं नाही. सैल चपलेनंही होतं. चप्पल निसटू नये म्हणून बोटं सतत आकसून तिला पकडतात, बोटांची टोकं खाली टेकून घासली जातात आणि नखाच्या अगदी खाली, टोकावर कुरूप धरतं. "मोठी चप्पल घेतली, तरी कुरूप होतंच" अशी तक्रार करणाऱ्यांच्या पायाची बोटं एकदा बघावीत. पुष्कळदा ती पक्ष्याच्या नख्यांसारखी वाकलेली दिसतात.

सगळेच घट्टे वैरी नसतात, हेही सांगायला हवं. अनवाणी चालणाऱ्या माणसाचा तळवा सगळीकडून सारखा जाड होतो आणि ती जाडी त्याच्या उपयोगाची असते. २०१९ मध्ये केनियातल्या लोकांच्या पायांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अनवाणी चालून तळवा कितीही जाड झाला तरी जमिनीची जाण बोथट होत नाही, असं त्यात दिसलं. शेतात राबणारा, डोंगर चढणारा तळवा असाच असतो. तो खरवडून गुळगुळीत करण्याची हौस कुणी करू नये. जो घट्टा दुखतो, ज्याला चीर पडते, किंवा जो आजूबाजूच्या कातडीपेक्षा उंच टेंगळासारखा उभा राहतो, तोच हाताळायचा.

हाताळण्याआधी ते कुरूपच आहे याची खात्री करावी, कारण तळव्यावरची चामखीळ हुबेहूब तशीच दिसते. ओळखायच्या तीन खुणा आहेत. बोटाच्या ठशासारख्या ज्या बारीक रेषा तळव्यावर असतात, त्या घट्ट्यावरून आरपार जातात. चामखीळ आली की तिला वळसा घालून जातात. वरचा थर थोडा घासला की चामखिळीत काळे-तपकिरी बारीक ठिपके दिसतात, त्या गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. आणि कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन बोटांच्या चिमटीत बाजूनं दाबली की जास्त दुखते. हा फरक महत्त्वाचा, कारण चामखीळ विषाणूची असते, घरात पायपुसण्यावरून, ओल्या मोरीतून दुसऱ्याला लागू शकते. कुरूप कुणाचं कुणाला लागत नाही.

आणि काटा? खेड्यात कुरूप म्हटलं की पहिला प्रश्न "काटा मोडला होता का?" हा प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेत कुरूपाला 'कदर' असं नाव आहे आणि त्याचं कारण खडे रुतणं, काटा लागणं असंच दिलेलं आहे. बाभळीचा काटा आत मोडून राहिला की त्याच्याभोवती खरोखरच गाठ होते आणि वरची कातडी जाड होते. अशी गाठ अचानक, एकाच पायाला आणि जिथं एरवी दाब येत नाही अशा जागी, उदाहरणार्थ तळव्याच्या कमानीत, असते. तिथं चप्पल बदलून काही होणार नाही. काटा काढावाच लागतो, तोही दवाखान्यात.

बाकी सगळ्या कुरूपांचं कारण त्यांच्या जागेवर लिहिलेलं असतं. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, पेरावर, चकचकीत टणक कुरूप असेल तर बुटाचा पुढचा भाग अरुंद आहे. मधल्या बोटांच्या वरच्या पेरांवर असेल तर बूट पुढं उथळ आहे, त्याचं छत बोटांवर टेकतंय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात पांढरट, ओलसर, मऊ कुरूप असेल तर दोन हाडं एकमेकांवर घासताहेत आणि वर घाम अडकतोय. चिखल्या समजून त्यावर महिनोनमहिने बुरशीचं मलम लावणारे खूप असतात. चवड्याच्या मध्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी घट्टा असेल तर वजन पुढं सरकतंय. उंच टाच हे त्याचं एक कारण, पोटऱ्या आखडलेल्या असणं हे दुसरं, आणि दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असणं हे तिसरं. अंगठ्याच्या आतल्या कडेला लांबट घट्टा असेल तर पाऊल उचलताना आतल्या बाजूला कलंडतंय. सपाट तळव्यांच्या माणसांत तो नेहमी दिसतो. टाचेच्या कडेनं गोल घट्टा आणि त्यात उभ्या भेगा असतील तर पाठ उघडी असलेली चप्पल. टाचेखाली चरबीची गादी असते. मागून आधार नसला की वजनानं ती बाजूंना पसरते, कोरडी कातडी तिच्याबरोबर ताणली जात नाही आणि तडकते. मलमावर मलम थापूनही टाचा फुटत राहण्याचं कारण हे आहे.

घोट्याच्या बाहेरच्या हाडावरचा काळा घट्टा मात्र चपलेचा नव्हे. तो आपल्याकडे मांडी घालून फरशीवर बसणाऱ्यांना होतो. सतरंजीची चौपदरी घडी खाली घेतली आणि अर्ध्या तासानं मांडी बदलली की तो वाढायचा थांबतो.

आता पायताण. आपल्याकडे माणसाला आपल्या पायाचा नंबर असा माहीत असतो जशी जन्मतारीख: एकदा ठरला की ठरला. विसाव्या वर्षी सात नंबर लागला, म्हणून पन्नाशीतही सातच मागायचा. पण पाय बदलतो. वयाबरोबर तळव्याची कमान थोडी खाली येते, पाऊल लांब आणि रुंद होतं. बाळंतपणानंतर बायकांचा पाय वाढलेला असतो आणि तो पुन्हा आधीसारखा होईलच असं नाही. शिवाय आपण जे नंबर वापरतो ते मूळचे इंग्लंडचे, आणि त्यात एका नंबरानं लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरनं वाढते. रुंदी साधारण त्याच प्रमाणात धरलेली, ती त्यांच्या पायांवरून. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेनं देशभरातल्या लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले तेव्हा भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद निघालं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत प्रस्तावित झाली. दुकानदार "लांबीला बरोबर बसतोय, घाला दोन दिवस, होईल सैल" म्हणतो तेव्हा अडचण नेमकी लांबीत नसते. ती चवड्याच्या रुंदीत असते. मग गिऱ्हाईक रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतं, पाय आत पुढं-मागं सरकतो, आणि दाबाच्या जागी घासणी येते.

दुकानात जायच्या आधी घरी एक काम करावं. वर्तमानपत्र नको, जरा जाड कागद घ्यावा, जुन्या कॅलेंडरचं पान उत्तम. संध्याकाळी, दिवसभर वावरून पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहायचं, बसून नव्हे. दोन्ही पायांवर वजन सारखं. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल अगदी उभी धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगायचं. तिरकी धरली तर माप पाच-सहा मिलिमीटरनं चुकतं. दोन्ही पायांची रेघ काढायची, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो आणि माप मोठ्याचं धरायचं. रेघेवरून कागद कापून ती पावलं खिशात घालून दुकानात न्यायची. आवडलेल्या बुटातला आतला तळ निघत असेल तर तो काढून त्यावर कागदी पाऊल ठेवायचं. निघत नसेल तर कागद बुटात सरकवायचा. पुढं सर्वांत लांब बोटाच्या टोकापासून एक ते सव्वा सेंटीमीटर जागा उरली पाहिजे, आणि कडेला कागद दुमडता कामा नये. करंगळीपाशी कागद वळून वर आला तर तो बूट कितीही छान दिसो, परत ठेवायचा. त्याच जागी सहा महिन्यांनी कुरूप असेल. मग बूट हातात घेऊन टोक आणि टाच धरून वाकवायचा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मध्येच मुडपत असेल तर चालताना चवडा भलत्याच ठिकाणी दाबला जाईल. शेवटी आत हात घालून बोटांनी चाचपायचं. शिवण करंगळीवर येते का, अस्तराची सुरकुती आहे का. डोळ्यांना आतलं काही दिसत नाही, बोटांना लगेच कळतं.

घेतलेला बूट एकाच जागी दाबत असेल तर फेकायची गरज नसते. चांगला चांभार तो फर्म्यावर चढवून नेमक्या जागेपुरता फुगवून देतो. कातड्याचा असेल तर हे जमतं, रेक्झिनचा असेल तर फारसं जमत नाही, आणि रेक्झिनच्या बुटात घामही कोंडतो. नव्या कोल्हापुरीचंही तसंच. ती चावते कारण म्हशीचं कातडं कडक असतं आणि अंगठ्याचा वेढा, पट्ट्याची कड कोऱ्या सुरीसारखी असते. पट्ट्यांना आतून-बाहेरून खोबरेल किंवा एरंडेल चोळून रात्रभर ठेवावं, सकाळी कोरड्या फडक्यानं पुसावं, आणि पहिल्या आठवड्यात रोज घरातल्या घरात तासभरच घालावी. नवी कोल्हापुरी घालून लग्नाच्या दिवशी बारा तास उभं राहणं म्हणजे फोडांना अक्षता देऊन बोलावणं.

चवड्याच्या घट्ट्यासाठी दुकानांत गादीचे तुकडे मिळतात. ते घेणारे पुष्कळ जण चुकीच्या जागी लावतात. जिथं दुखतं त्याच्या बरोबर खाली लावलं की उंचवटा वाढतो आणि दाबही. तुकडा दुखऱ्या जागेच्या मागं, टाचेच्या बाजूला हवा, म्हणजे वजन तो उचलतो आणि पुढची जागा मोकळी होते. नेमकी जागा शोधायची एक सोपी युक्ती आहे. घट्ट्याच्या मध्यावर लिपस्टिकचा किंवा ओल्या कुंकवाचा टिपका लावावा, पाय अलगद बुटात घालून एकदा ताठ उभं राहावं आणि पाय काढून घ्यावा. आतल्या तळावर लाल ठिपका उमटतो. गादीची पुढची कड त्या ठिपक्याच्या सुमारे एक सेंटीमीटर मागं येईल अशी चिकटवायची. जाडी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर पायाला गोळा टोचत राहील. कुरूपाभोवती लावायची कडी पूर्ण गोल असली की मधलं कातडं भोकातून वर फुगतं. ती एका बाजूनं कापून घोड्याच्या नालेसारखी केली तर बरं. बेचक्यातल्या मऊ कुरूपाला कापसाचा बोळा चालत नाही, घामानं तो आवळून खड्यासारखा होतो. सिलिकॉनचा बारीक तुकडा ठेवावा, रात्री काढून धुवावा आणि बेचका कोरडा पुसावा.

जोडव्यांचा उल्लेख डॉक्टरांच्या पत्रकांत येत नाही, म्हणून इथं करते. अंगठ्याशेजारच्या बोटात बसलेलं चांदीचं जोडवं चपलेत काही करत नाही. तेच बोट बंद बुटात गेलं की चांदीची कड बूट पायात असेपर्यंत दोन्ही बाजूंच्या बोटांवर दाबत राहते. व्यायामाला म्हणून बूट घालून चालायला जाणाऱ्या बायकांच्या अंगठ्यावर, जोडव्याच्या बोटाकडच्या बाजूला, याच कारणानं लांबट घट्टा असतो. चालायला जाताना जोडवी काढायची नसतील तर सपाट, बिनकंगोऱ्याची करून घ्यावीत. बोट सुजलं असेल तर मात्र रीतीपेक्षा बोट मोठं.

घरातल्या फरशीचंही असंच आहे. शेणानं सारवलेली जमीन पायाखाली किंचित दबायची. शहाबादी फरशी, ग्रॅनाइट, टाइल यांतलं काहीच दबत नाही, आणि ओट्यापाशी रोज तीन-चार तास अनवाणी उभ्या राहणाऱ्या टाचा त्याची किंमत मोजतात. घरात चप्पल नको ही रीत बाहेरच्या चपलेसाठी आहे. घरापुरती वेगळी, मऊ तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल ठेवली आणि देवघराच्या बाहेर काढली तर कुणाचा विटाळ होत नाही. ओट्यासमोर अर्धा इंच जाडीची रबरी चटई टाकली तरी आठ-पंधरा दिवसांत फरक कळतो. पोटऱ्या आखडलेल्या असतील तर भिंतीसमोर उभं राहून एक पाय मागं, गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली, तीस सेकंद ताण द्यायचा, दोन्ही पायांना तीन-तीनदा. पोटरी सैल झाली की टाच लवकर उचलली जात नाही आणि चवड्यावरचा भार हलका होतो.

वारीला जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर म्हणजे चारेक लाख पावलं, प्रत्येक पायाला दोन लाख. वर आषाढातला पाऊस. भिजलेल्या कातडीवर घासणी वाढते आणि फोड लवकर येतात. सर्वांत त्रासदायक फोड जाड घट्ट्याच्या खाली येतो. वरची कातडी जाड असल्यानं तो फुटत नाही, पाणी बाहेर निघत नाही आणि पाऊल टेकवत नाही. म्हणून निघायच्या तीन-चार आठवडे आधीपासून घट्टे हळूहळू पातळ करत आणावेत, आणि शेवटच्या चार दिवसांत काहीही खरवडू नये. नवी चप्पल वारीसाठी घेऊ नये, किमान दीड महिना वापरलेली असावी. पुणे ते सासवड हा दिवे घाटासकट तीसेक किलोमीटरचा टप्पा असतो आणि तो सुरुवातीलाच येतो, तेव्हा सराव निदान पंधरा किलोमीटरपर्यंत नेलेला बरा. सकाळी निघताना बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलिनचा पातळ हात. प्रत्येक विसाव्याला पाय कोरडे पुसून पाच मिनिटं उघडे ठेवायचे. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा तसाच ठेवायची जुनी पद्धत आहे, ती मोडायला हवी. त्या दोऱ्यावरून रस्त्यावरचा चिखल थेट आत जातो. फोड फार तट्ट फुगला असेल तर जागा धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला एक टोच मारून पाणी काढावं, वरची कातडी मात्र काढू नये, तीच आतल्या जखमेचं झाकण असते. वर स्वच्छ पट्टी.

पातळ करायचं म्हणजे काय, तर पातं नव्हे. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, पाणी कोपरानं पाहिलं तरी सुखाचं वाटेल इतपतच. मग वज्री किंवा खडबडीत सच्छिद्र दगड एकाच दिशेनं दहा-बारा वेळा हलक्या हातानं फिरवायचा. पुढं-मागं घासलं की कातडीच्या कडा उचकटतात आणि तिथूनच चीर सुरू होते. एका बैठकीत सगळा घट्टा काढायचा नसतो. गुलाबी रंग दिसायला लागायच्या खूप आधी थांबायचं, आठवड्यातून दोनदा. पाय पुसून दोन-तीन मिनिटांच्या आत, ओल आत असतानाच मलम लावायचं. रोजच्यासाठी दहा टक्के युरिया, जाड टाचांना वीस ते पंचवीस टक्के. युरिया पाणी धरून ठेवतो आणि चिकटून बसलेल्या पेशी मोकळ्या करतो, म्हणून साध्या तेलापेक्षा तो जास्त कामाचा. भेग उघडी, रक्ताळलेली असेल तर तो झोंबतो. तेव्हा आधी कोकमाचं तेल बरं. कोकणात त्याला मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. ते खोबरेलासारखं वाहून जात नाही, साध्या हवेत मेणासारखं घट्ट असतं. पळीत जरासं पातळ करून, कोमट झाल्यावर भेगेत भरलं की आत गोठतं आणि भेगेच्या कडा मिटून ठेवतं. वर सुती मोजे घालून झोपायचं. बोटांच्या बेचक्यांत मात्र ना तेल ना मलम, तिथं ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण.

औषधाच्या दुकानात कुरूपावर लावायच्या ज्या गोल पट्ट्या मिळतात त्यांत साधारण चाळीस टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. ते मेलेली कातडी विरघळवतं, पण जिवंत आणि मेलेली यांत फरक करत नाही. म्हणून मधली औषधी चकती कुरूपापेक्षा कणभर लहान कापून घ्यायची आणि भोवती व्हॅसलिन लावायचं. दर ४८ तासांनी पट्टी बदलून पांढरी झालेली कातडी हलकेच घासायची, आणि चौदा दिवसांत उपयोग झाला नाही तर थांबायचं. पट्टी लावून तीच चप्पल घालत राहिलात तर पुढच्या महिन्यात पुन्हा नवी पट्टी.

बिब्बा, रुईचा चीक, चुना आणि खाण्याचा सोडा, या घरगुती उपायांबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवं. सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि निघालेलं तेल कुरूपावर किंवा भेगेवर लावायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्या तेलानं कातडी भाजते. काहींना बिब्बा उततो, पाय घोट्यापर्यंत सुजतो, पाणी भरलेले फोड येतात आणि महिनाभर चालता येत नाही. चुन्याची पेस्टही भाजतेच. ज्याच्या पायाला संवेदना नीट आहे तो कळ येताच पाय काढून घेतो. ज्याला कळतच नाही त्याचं काय?

तो बहुधा मधुमेहाचा रुग्ण असतो, आणि त्याच्यासाठी वरच्यातलं बरंचसं लागू नाही. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. घट्टा वाढतो, दुखत नाही, म्हणून माणूस त्यावरूनच चालत राहतो. जाड घट्टा आतल्या मऊ भागावर दगडासारखा दाबतो आणि वर सगळं शाबूत दिसत असताना खाली जखम होते. घट्ट्यात काळसर-लालसर डाग दिसला तर ते साकळलेलं रक्त असतं, आणि त्याखाली बहुधा खड्डा असतो. अशा पायाला आम्लाची पट्टी नाही, पातं नाही, वज्रीही नाही. घट्टा डॉक्टरांनीच छाटायचा. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या आणि पुढं तिथं कुष्ठरुग्णांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की बधिर पाय आपोआप झडत नाही, तो त्याच त्याच जागी पडणाऱ्या दाबानं हळूहळू झिजतो. त्या कामातून बारीक पेशींच्या मऊ रबराची एमसीआर चप्पल पुढं आली. मागं पट्टा, आत मऊ रबर, खाली कडक तळ. आज मधुमेहींनाही तीच सुचवली जाते, फार महागही नसते. दिसायला साधी म्हणून लोक ती लग्नाकार्याला घालत नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवशी पायाला जखम होते.

वर्षातून एकदा दवाखान्यात दहा ग्रॅमच्या नायलॉन धाग्यानं तळव्याची जाण तपासून घ्यावी. धागा वाकेपर्यंत टेकवतात, डोळे मिटून "लागलं" म्हणायचं असतं, दोन मिनिटांचं काम. जिथं कळलं नाही ती जागा लक्षात ठेवायची. रोज रात्री दोन्ही तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाऊल धरायचं, दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगायचं. आणि सकाळी बूट घालण्याआधी तो उलटा करून जमिनीवर आपटायचा, मग आत हात घालून टोकापर्यंत बोटं फिरवायची: खडा, वर आलेलं खिळ्याचं टोक, गोळा झालेला मोजा, उचकटलेलं अस्तर, नातवानं टाकलेली गोटी.